फार्मसी प्रवेशासाठी स्वयंसेवेचा अनुभव : सोलापूरच्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

महाराष्ट्रात बी.फार्म.ला प्रवेश घ्यायचा असेल, तर स्वयंसेवेचे कोणतेही प्रमाणपत्र गुणवत्ता यादीतला तुमचा क्रमांक वर नेत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाइल (किंवा नीटचे गुण), बारावीचे किमान गुण आणि राज्य सीईटी कक्षाचे कॅप राउंड, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या, यांवरच तो प्रवेश ठरतो. त्यामुळे 'एवढे शंभर तास करा, प्रवेश सोपा होतो' असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये आणि त्यासाठी पैसे तर मुळीच देऊ नयेत.

मग हा अनुभव नेमका कोणाला लागतो? परदेशात फार्मसी शिकू इच्छिणाऱ्यांना तो प्रत्यक्ष अर्जातच लागतो. अमेरिकेतील फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रमांचे अर्ज बहुतांश 'फार्मकॅस' या सामाईक व्यवस्थेतून जातात आणि त्या अर्जात अनुभवांसाठी स्वतंत्र विभाग असतो. पीकॅट ही तिथली प्रवेश परीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाली, त्यामुळे आता शैक्षणिक गुण, शिफारसपत्रे, अनुभव आणि मुलाखत यांवरच अर्जाची मदार असते. ब्रिटनमधील चार वर्षांच्या एम.फार्म.साठी (ही तिथली फार्मसीची पहिलीच पदवी) 'यूकॅस' या तिथल्या सामाईक प्रवेश व्यवस्थेच्या अर्जात वैयक्तिक निवेदन लिहावे लागते आणि मुलाखतीत रुग्णांशी वागण्याविषयी प्रश्न विचारले जातात. याशिवाय आणखी एक गट आहे आणि माझ्या मते तो सर्वांत मोठा आहे. 'नीटला गुण कमी पडले तर फार्मसी' एवढाच विचार करून अर्ज भरणाऱ्या मुलामुलींचा हा गट. आजारी माणसांच्या रांगेजवळ चार महिने उभे राहिल्यावर हे काम आपल्याला झेपते का आणि आवडते का, याचे उत्तर त्यांना चार वर्षांची फी भरण्याआधीच मिळते.

मी स्वतः फार्मासिस्ट आहे आणि काही वर्षांपासून सोलापुरातल्या विद्यार्थ्यांचे असे अर्ज वाचून देते. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. एकच जागा निवडावी, आठवड्याला तीन-चार तासच द्यावेत, पण ते सहा महिने ते वर्षभर न चुकता द्यावेत. सात शिबिरांची सात प्रमाणपत्रे घेऊन आलेल्या एका विद्यार्थ्याला मी विचारले, "यातला एखादा रुग्ण तुला दुसऱ्यांदा भेटला का?" तो बराच वेळ गप्प राहिला. प्रवेश समितीपुढेही त्याची हीच अडचण झाली असती.

पहिली पायरी : काय करता येत नाही, ते समजून घ्या

बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो ओळखीच्या मेडिकलमध्ये जाऊन उभे राहण्याचा. तिथे उभे राहण्यास हरकत नाही, परंतु औषध देण्यास आहे. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करण्याचा वा देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. म्हणून स्वयंसेवकाने गोळ्यांची पट्टी कापून देऊ नये, डोस सांगू नये, 'हे नसेल तर ते घ्या' असे सुचवू नये आणि मालक सांगत असला तरी काउंटर एकट्याने सांभाळू नये. शिकत असताना मला एका दुकानात असे काउंटर सांभाळायला लावले होते. फार्मासिस्ट जेवायला गेले होते, गिऱ्हाईक घाईत होते आणि मी औषधे दिली. काही विपरीत घडले नाही, परंतु त्या दिवसाची आठवण मला आजही अस्वस्थ करते. असा 'अनुभव' अर्जात लिहिल्यास वाचणाऱ्याला त्यात बेकायदेशीर कृत्याची कबुलीच दिसेल.

मेडिकलमध्ये करता येण्याजोगे काम वेगळे आहे. आलेल्या मालाचे बॅच क्रमांक आणि मुदतीच्या तारखा बिलाशी ताडून पाहणे, मुदत संपत आलेला माल वेगळा काढणे, फ्रीजच्या तापमानाची नोंद ठेवणे आणि फार्मासिस्ट रुग्णाशी कसे बोलतात ते ऐकणे, ही सगळी कामे त्यांच्या देखरेखीखाली करता येतात. शेड्यूल एच-वन, म्हणजे विक्रीवर अधिक काटेकोर नियंत्रण असलेल्या यादीतील औषधांसाठी वेगळी नोंदवही का ठेवावी लागते, हे तिथे एका आठवड्यात कळते. मात्र नफ्यावर चालणाऱ्या दुकानातले असे काम परदेशी अर्जात सहसा स्वयंसेवा म्हणून न लिहिता निरीक्षण किंवा नोकरी म्हणून लिहावे लागते. ही विभागणी पाळावी.

दुसरी पायरी : जागा निवडा

सोलापुरात पहिले नाव घ्यावे लागते ते 'सिव्हिल'चे, म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाचे. १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी ते जोडलेले आहे. जिल्ह्यातूनच नव्हे, तर सीमेपलीकडून कर्नाटकातूनही रुग्ण तिथे येतात. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) हे पद असते. गरीब रुग्णांना योजना मिळवून देणे, कागदपत्रे पूर्ण करून घेणे, बेवारस रुग्णांची व्यवस्था पाहणे ही त्यांची कामे असतात. स्वयंसेवकाने थेट औषध विभागात न जाता आधी या अधीक्षकांना भेटावे, असा माझा आग्रह आहे, कारण मनुष्यबळाची गरज कुठे आहे हे त्यांना ठाऊक असते. केसपेपर कुठे काढायचा, एक्स-रे कुठे, औषधाची खिडकी कुठे, हे सांगायला एक माणूस ओपीडीच्या वेळेत उभा असला, तरी अक्कलकोट किंवा मंगळवेढ्याहून एसटीने आलेल्या वृद्धाचा एक हेलपाटा वाचतो.

सहकारी रुग्णालये हे या शहराचे वैशिष्ट्य आहे. अश्विनी सहकारी रुग्णालय आणि मार्कंडेय सहकारी रुग्णालय ही दोन नावे प्रत्येक सोलापूरकराला माहीत आहेत. अशा ठिकाणी रुग्णालयाच्या अंतर्गत फार्मसीचे काम पाहायला मिळण्याची शक्यता असते. वॉर्डातून मागणी कशी येते, शिल्लक औषध परत कसे जमा होते, नावात साम्य असलेली औषधे वेगळ्या कप्प्यांत का ठेवतात, हे बाहेरच्या दुकानात दिसत नाही. परवानगी मात्र प्रत्येक ठिकाणी व्यवस्थापनाच्या मर्जीवर असते, म्हणून नकाराची तयारी ठेवून दोन-तीन ठिकाणी विचारावे.

रक्तपेढीचा विचार फार थोडे विद्यार्थी करतात, याचे मला वाईट वाटते. भारतीय कायद्याच्या दृष्टीने रक्त हे 'औषध'च आहे. रक्तपेढीचा परवाना औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली असतो आणि तिची तपासणी अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक करतात. म्हणजे फार्मसीच्या विद्यार्थ्याला पुढे जे शिकायचे आहे, त्याचे चालते-बोलते उदाहरण तिथे असते. लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवायच्या, प्लेटलेट्स मात्र २० ते २४ अंशांना सतत हलत्या ठेवायच्या आणि पाच दिवसांत वापरायच्या, ही वस्तुस्थिती पुस्तकात वाचणे वेगळे आणि मे महिन्याच्या उन्हात शिबिरातून पिशव्या शीतपेटीत नीट पोहोचवणे वेगळे. शहरात हेडगेवार रक्तपेढी, दमाणी रक्तपेढी आणि सिव्हिलची रक्तपेढी आहे. जयंत्या, गणेशोत्सव आणि वाढदिवसांच्या निमित्ताने शिबिरे वर्षभर चालू असतात. दात्यांचे अर्ज भरून घेणे, वय १८ पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो आहे ना हे विचारणे, रक्तदानानंतर दात्याला बसवून ठेवणे आणि चक्कर आल्यास परिचारिकेला बोलावणे, ही कामे स्वयंसेवकाला मिळतात.

महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रे आणि क्षयरोग कार्यक्रम हे आणखी एक क्षेत्र. पूर्व भागातल्या विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत हे काम जवळून दिसते. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात नव्या रुग्णाला साधारणपणे सहा महिने रोज, वजनानुसार ठरलेल्या संख्येत संयुक्त गोळ्या घ्याव्या लागतात. त्यातील रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर-नारिंगी होते. ही निरुपद्रवी गोष्ट आधी सांगितली नाही, तर माणूस घाबरतो आणि तिसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो. तसेच दोन महिन्यांत खोकला थांबला की 'आता बरे वाटते' म्हणून औषध सोडणारेही असतात. औषधशास्त्राच्या अभ्यासात समुपदेशनाचा धडा का आहे, हे एखाद्या आशाताईंबरोबर अशा चार घरी गेल्यावर आपोआप समजते. २०२२ पासून 'निक्षय मित्र' उपक्रमात संस्था आणि व्यक्ती क्षयरुग्णांना पोषण आहार देतात. त्या आहाराच्या पिशव्या भरणे आणि वाटणे यांपासून सुरुवात करता येते. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांनी संसर्गजन्य रुग्णांच्या थेट संपर्कात जाऊ नये, पिशव्या भरणे आणि नोंदी यांपुरतेच थांबावे.

आषाढी वारी हे आपल्या जिल्ह्याला मिळालेले मोठे शिक्षणक्षेत्र आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूरला पोहोचते. त्या काळात आरोग्य विभागाची आणि संस्थांची पथके मार्गावर असतात. जलसंजीवनीचे पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते. अर्धे पाकीट अंदाजाने एका पेल्यात टाकले, तर ते अपायकारक ठरू शकते. ही एक गोष्ट शंभर वारकऱ्यांना न कंटाळता समजावून सांगणे, हे खऱ्या अर्थाने फार्मसीचे काम आहे. तरीही वारी किंवा जानेवारीतली सिद्धेश्वर महाराजांची गड्डा यात्रा यांना मुख्य अनुभव मानू नये. वर्षभराच्या नियमित कामाला जोड म्हणूनच त्या दाखवाव्यात.

महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना असेल, तर तिथे नाव नोंदवणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. पदवी स्तरावर वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अशी तिची रचना असते. कार्यक्रम अधिकाऱ्यांना आरोग्यविषयक काम द्यायची विनंती करावी, अन्यथा सगळे तास वृक्षारोपण आणि स्वच्छतेत जातात. ती कामे चांगलीच आहेत, परंतु फार्मसीच्या अर्जात त्यांवर फारसे बोलता येत नाही.

तिसरी पायरी : अर्ज करा आणि पोच घ्या

नुसते तोंडी विचारल्यास 'उद्या या' हेच उत्तर मिळते. लेखी अर्ज दोन प्रतींत न्यावा, आवक-जावक विभागात एक प्रत देऊन दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. अर्ज साधा असावा. नमुना असा :

"प्रति, मा. अधिष्ठाता महोदय. विषय : समाजसेवा विभागात विनामोबदला स्वयंसेवक म्हणून काम करण्यास परवानगी मिळणेबाबत. मी इयत्ता अकरावी विज्ञान शाखेत शिकत असून पुढे औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण घेण्याचा माझा विचार आहे. जुलै ते डिसेंबर या काळात दर शनिवारी सकाळी ९ ते १२ या वेळेत ओपीडीत रुग्णांना मार्गदर्शन करण्याचे काम करण्याची माझी तयारी आहे. मला मराठी, तेलुगू व हिंदी बोलता येते. रुग्णांची माहिती गोपनीय ठेवीन आणि औषधे हाताळणार नाही, याची हमी देते. पालकांचे संमतिपत्र व महाविद्यालयाचे शिफारसपत्र सोबत जोडले आहे."

या मजकुरात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. पहिली म्हणजे वार आणि वेळ. 'मला जेव्हा वेळ मिळेल तेव्हा येईन' असे म्हणणाऱ्याला कोणताही विभागप्रमुख काम देऊ शकत नाही. दुसरी म्हणजे भाषा. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू घराघरात बोलल्या जातात. औषधाच्या खिडकीवर 'जेवणानंतर' हा शब्द न समजलेल्या आजींना तेलुगूत 'तिन्न तर्वात' किंवा कन्नडात 'ऊट आद मेले' असे सांगितले, की त्यांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ लगेच ओसरतो. पूर्व भागातली अनेक मुले घरची तेलुगू सांगायला संकोचतात. कृपया संकोचू नका. परदेशातील फार्मसी महाविद्यालयांना बहुभाषिक रुग्णांशी संवाद साधू शकणारा विद्यार्थी हवाच असतो, आणि इथल्या रुग्णांना तर त्याची गरज आजच आहे.

आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर आवक क्रमांक सांगून चौकशी करावी. दोनदा नम्रपणे विचारूनही काही झाले नाही, तर मनात राग न धरता दुसऱ्या जागेकडे वळावे.

चौथी पायरी : जाण्यापूर्वीची तयारी

रुग्णालयात जायचे असेल, तर हिपॅटायटिस-बी ची लस घेतली आहे का हे घरच्यांना विचारा. घेतली नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करा. तिचे तीन डोस साधारणपणे पहिला, एक महिन्यानंतर दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा असे असतात, त्यामुळे हे काम आयत्या वेळी होत नाही. बंद पादत्राणे घालावीत, मास्क जवळ ठेवावा, सुई वा काच हाताने उचलू नये. रुग्णाचे छायाचित्र काढू नये, त्याच्या केसपेपरचे तर मुळीच नाही. समाजमाध्यमावर 'आजची सेवा' म्हणून रुग्णाबरोबरचा फोटो टाकणे हा त्या माणसाच्या असहायतेचा गैरवापर आहे, असे मी मानते.

वेळेचेही गणित मांडून घ्यावे. दहावीची परीक्षा संपल्यानंतरची सुट्टी ही सुरुवातीसाठी उत्तम. अकरावीचे पूर्ण वर्ष आणि बारावीच्या दिवाळीपर्यंत काम करून मग थांबावे, कारण फेब्रुवारीत बोर्ड आणि त्यामागोमाग सीईटी येते. बी.फार्म. करून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांकडे अधिक वेळ असतो. सप्टेंबरमध्ये २५ तारखेचा जागतिक फार्मासिस्ट दिन आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातला राष्ट्रीय फार्मसी सप्ताह या काळात महाविद्यालये शिबिरे घेतात, त्यांत पुढाकार घ्यावा.

पाचवी पायरी : वही ठेवा

माझ्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. दोनशे पानी वही घ्यावी आणि प्रत्येक दिवशी घरी आल्यावर दहा मिनिटे लिहावे. तारीख, वेळ, तास, काय काम केले, काय पाहिले, काय समजले नाही, एवढे पुरे. रुग्णाचे नाव, गाव, ओळख पटेल असे काहीही लिहू नये. एखादी नोंद अशी असू शकते :

"शनिवार, ३ तास. औषध खिडकीजवळ. साठीचे गृहस्थ इन्सुलिन घेऊन गेले. घरी फ्रीज नाही. फार्मासिस्टनी त्यांना मातीच्या मडक्याची युक्ती सांगितली : मडक्याला ओले फडके गुंडाळायचे, आत कुपी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. उन्हात ठेवायचे नाही, पाण्यात बुडवायचे नाही. प्रश्न : न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांना ठेवायची असते, मग सोलापूरच्या मे महिन्यात मडके किती दिवस पुरेल?"

या नोंदीतला शेवटचा प्रश्न हा खरा ऐवज आहे. तो पुढच्या शनिवारी फार्मासिस्टना विचारावा, पुस्तकात शोधावा, मिळालेले उत्तर खाली लिहावे. वर्षभरात असे तीस-चाळीस प्रश्न जमतात आणि त्यांतूनच अर्जातला मजकूर तयार होतो. औषध घेतल्यानंतर पुरळ किंवा सूज आल्याचे कोणी सांगितले, तर स्वतः सल्ला न देता डॉक्टर वा फार्मासिस्टकडे न्यावे. अशा दुष्परिणामांची नोंद करण्यासाठी देशात फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे आणि १८००-१८०-३०२४ हा त्याचा निःशुल्क क्रमांक आहे, हे स्वयंसेवकाला माहीत असले पाहिजे.

सहावी पायरी : अनुभव अर्जात मांडा

फार्मकॅसमध्ये प्रत्येक अनुभवासाठी संस्थेचे नाव, तुमची भूमिका, सुरुवात आणि शेवटाची तारीख, आठवड्याचे तास आणि थोडक्यात वर्णन द्यावे लागते. वही असेल तर हे एका संध्याकाळचे काम, नसेल तर अंदाजाने आकडे भरावे लागतात आणि अंदाज नेहमी वरच्या बाजूला झुकतो. तास वाढवून लिहू नयेत. संस्थेकडे चौकशी होऊ शकते, आणि मुलाखतीत दोन प्रश्नांतच खरे-खोटे कळते.

यूकॅसचे निवेदन ४,००० अक्षरचिन्हांच्या मर्यादेत बसवावे लागते आणि २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांच्या स्वरूपात लिहायचे आहे. त्यामुळे 'मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे' या वाक्याला जागाच उरत नाही. त्याऐवजी एक प्रसंग, त्यात तुम्ही नेमके काय केले आणि त्यामुळे तुमच्या समजुतीत काय बदल झाला, हे लिहावे. लाल लघवीला घाबरून औषध सोडलेला रुग्ण आणि त्याला पुन्हा केंद्रावर आणणाऱ्या आशाताई, एवढ्यातून 'औषध योग्य असले तरी माहिती न मिळाल्यास उपचार फसतो' हा मुद्दा आपोआप सिद्ध होतो. श्रेय मात्र ज्याचे त्याला द्यावे. रुग्णाला आशाताईंनी परत आणले असेल, तर 'मी परत आणले' असे लिहू नये.

शिफारसपत्र मागताना ज्यांनी तुमचे काम प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडे जावे. ओळखीच्या नगरसेवकाचे पत्र वजनदार वाटते, पण ज्यांनी तुम्हाला एकदाच पाहिले त्यांना तुमच्याबद्दल सांगण्यासारखे काही नसते. समाजसेवा अधीक्षक किंवा फार्मासिस्टकडे जाताना वहीतल्या नोंदींची एक पानभर टाचण करून द्यावे, म्हणजे त्यांना तपशील आठवतात. पत्र किमान तीन-चार आठवडे आधी मागावे.

अनुभव प्रमाणपत्र संस्थेच्या पत्रशीर्षावर, जावक क्रमांकासह असावे आणि त्यात कामाचा कालावधी, एकूण तास आणि कामाचे स्वरूप स्पष्ट लिहिलेले असावे. परदेशी अर्जासाठी ते इंग्रजीत मागून घ्यावे. हे सगळे शेवटच्या दिवशीच करून घ्यावे, कारण सरकारी दवाखान्यांतून अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात आणि वर्षभरानंतर गेलात, तर खुर्चीवर बसलेल्या नव्या अधिकाऱ्यांनी तुम्हाला एकाही शनिवारी तिथे पाहिलेले नसते.